शाळेच्या मैदानावर सायकल शिकवताना या चुका टाळा

मराठवाड्यातील अनेक गावांतील मुलांना माध्यमिक शाळेसाठी शेजारच्या गावी जावे लागते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीही मिळतात. मात्र सायकल हाती आली म्हणजे ती चालवता येतेच असे नाही, आणि ती शिकवण्याचे काम शारीरिक शिक्षणाच्या तासाने अंगावर घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तोल आणि पायडल एकाच वेळी शिकवणे. मुलाचे लक्ष पायांकडे जाते, नजर खाली वळते आणि हँडल डगमगू लागते. म्हणून प्रथम दोन्ही पायडल काढून टाकावीत आणि दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सैल होते. हे ठाऊक नसल्यास भलत्याच दिशेने जोर लागतो आणि आटे खराब होतात. त्यानंतर मुलाने पायांनी जमीन रेटत पुढे जावे, हळूहळू ढांगा वाढवाव्यात आणि सायकल दोन्ही पाय उचलून काही अंतर आपोआप जाऊ लागली की मगच पायडल पुन्हा बसवावीत.

दुसरी चूक शिक्षकाच्या हातांची आहे. आपण काळजीपोटी हँडल धरतो. परंतु सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवल्याने ती सावरते, आणि हँडल आपल्या मुठीत असेल तर मुलाला हे कधीच उमगत नाही. आधार द्यायचाच असेल तर मागून खांद्यांना किंवा पाठीला द्यावा. मागच्या चाकाला लावायची आधाराची छोटी चाकेही याच कारणासाठी नकोत, कारण ती सायकलला कलूच देत नाहीत.

मूल वारंवार एकाच बाजूला पडत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी हँडल चाकाशी सरळ आहे का, हे तपासावे. नजर पुढच्या चाकावर खिळत असेल, तर समोर दूरवर उभ्या असलेल्या मित्राकडे पाहायला सांगावे.

पायडल मारण्याआधी ब्रेक शिकवावेत. वेगात असताना केवळ पुढचा ब्रेक करकचून दाबल्यास मूल हँडलवरून पुढे फेकले जाऊ शकते. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबण्याचा सराव फक्कीने आखलेल्या रेषेवर थांबून करून घ्यावा. ओढणी आणि सलवारीचा घोळ चेनपासून दूर बांधून ठेवणे हे शिक्षकाने प्रत्येक वेळी स्वतः पाहावे.

मैदान मुरमाचे आणि किंचित उताराचे असावे. पावसानंतर काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम होते, तर उन्हाळ्यात हा तास सकाळीच घ्यावा लागतो.

मागे वळून पाहताना सायकल सरळ ठेवता येणे आणि एक हात सोडून वळण्याचा इशारा देता येणे, या दोन गोष्टी जमेपर्यंत मुलांना रस्त्यावर नेऊ नये. विशेषतः ऊसतोडीच्या हंगामात, जेव्हा ट्रॉल्यांमधून बाहेर आलेला ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचलेला असतो.