वसाहतवाद शिकवायचाय? वर्ग मंगेशीला न्या

गोव्यात पोर्तुगीज राज्य '1510 ते 1961', एवढं पाठ करून मुलांना वसाहतवाद कळत नाही. मनात एकतर 'पोर्तुगीज वाईट' राहतं, नाहीतर 'त्यांनी पाव दिला, काजू दिला'. दोन्ही अर्धवट.

आधी फळ्यावर गोव्याचा नकाशा काढा. तिसवाडी, बारदेश, सासष्टी एका रंगात. हे तालुके 16व्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण दुसऱ्या रंगात. हे 18व्या शतकातले. मधला काळ मुलांनाच मोजू द्या.

मग सहल. 1560मध्ये सासष्टीकडच्या कुठ्ठाळीचा मंगेश, म्हणजे शंकर, जुवारी नदी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला आणला, तेच आजचं मंगेशीचं देऊळ, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. नकाशावरचे दोन रंग इथे मुलांना समजतात. देवळासमोर बसवून घुमट आणि सात मजली दीपस्तंभ वहीत काढायला सांगा, घाई करू नका. चित्रं झाली की जुन्या गोव्यातल्या चर्चचे फोटो शेजारी ठेवा. ज्या सत्तेपायी देव हलवावा लागला, तिच्या बांधकामाची छाप याच देवळावर आहे. 'असं कसं?' हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. माझ्या मते संस्कृतींची भेट समजावायला गोव्यात याहून चांगला धडा नाही.

वर्गात परतल्यावर स्वयंपाकघर घ्या. मिरची, बटाटा, अननस, पपई, काजू हे सगळं मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेलं. प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहा: लोकांनी आपणहून घेतलं, की लादलं गेलं? मिरची कुणी सक्तीने खायला घातली नाही. देवळं पाडली आणि 1560 ते 1812 या काळात इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) चाललं, ती सक्तीच होती. मिरची आवडते म्हणून ती सक्ती सौम्य ठरत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. वर्गात फर्नांडिस आणि कामत एकाच बाकावर बसतात. 'तुमचे लोक', 'आमचे लोक' हे शब्द येऊ देऊ नका. धर्म बदललेले आणि देव घेऊन निघालेले, दोघेही त्याच गावांतले. कुंकळ्ळी गावाचा पोर्तुगीजांविरुद्धचा 1583चा उठाव आठवीनंतर घ्या. त्यात दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं.

शेवटी गृहपाठ: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला 19 डिसेंबर 1961च्या, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या दिवसाच्या, आठवणी विचारून लिहून आणायच्या. घरोघरची उत्तरं वेगळी येतील. सगळी वर्गात वाचून घ्या, कुणाचंही दुरुस्त करू नका.