दहावी-बारावीनंतरच्या तांत्रिक शिक्षणाची आखणी कशी करावी

मराठवाड्यात दहावी-बारावीनंतरचे प्रवेश आणि खरिपाची पेरणी साधारण एकाच सुमारास येतात. घरातला पैसा बी-बियाण्यांत गुंतलेला असतो, दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर रांगा असतात, आणि त्या घाईत ‘जिथे नंबर लागला तिथे’ प्रवेश घेतला जातो. म्हणून आखणी आदल्या दिवाळीत, सोयाबीनचे पैसे हाती असतानाच सुरू करावी. अधिवासाचा आणि जातीचा दाखला याच काळात काढण्यास घ्यावा, उत्पन्नाचा आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मात्र प्रवेशापर्यंत त्याची मुदत टिकेल असा पाहून काढावा व नावाचे स्पेलिंग सर्वत्र एकच आहे ना, हे तपासावे.

आधी ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, ठरवावा, संस्था नंतर. मुलगा किंवा मुलगी पुढे कोठे राहून काम करणार, यावर ट्रेड अवलंबून असतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांना काम असते. गावातच राहायचे असेल, तर मोटारपंप आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती जाणणाऱ्याला काम शोधत हिंडावे लागत नाही. आयटीआयमध्ये वेल्डर किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम 1 वर्षाचा, तर फिटर व इलेक्ट्रिशियनचा 2 वर्षांचा आहे.

दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका 3 वर्षांची असते आणि तिचे पहिले वर्ष गणितावर उभे असते. गणित कच्चे पण हात चांगला असेल, तर माझ्या मते आधी 2 वर्षांचा आयटीआय करावा, कारण त्यानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो; या मार्गाला कमी लेखणे हा मुलांवर अन्याय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधील टूल अँड डाय मेकिंगची, म्हणजे हत्यारे व साचे बनवण्याची, पदविकाही पाहावी. तिची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते.

अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी संस्थेची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहावी. लेथ चालू आहेत की धूळ खात आहेत, एका यंत्रावर किती मुले काम करतात, निदेशकांची (शिकवणाऱ्यांची) पदे भरलेली आहेत का, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. खासगी संस्थेत आपल्या ट्रेडची संलग्नता लेखी पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.

आयटीआयनंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. तिचे विद्यावेतन मिळते. परंतु खोली, मेस आणि प्रवास यांचा खर्च त्याच्याशेजारी मांडून पाहावा, आणि पहिल्या महिन्याचे पैसे घरूनच सोबत द्यावेत.