कंबरेची दुखापत कामावरचीच आहे हे क्लेममध्ये शेवटी कसं पटवलं (माझा अनुभव)

प्रॉब्लेम असा: कामावर पेटी उचलताना कंबरेत कळ आली, डावा पाय पोटरीपर्यंत बधिर, एमआरआयमध्ये डिस्क (मणक्यांमधली गादी) सरकलेली, तरी कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा क्लेम नामंजूर, कारण रिपोर्टात "वयोमानाने झीज" हे एक वाक्य. डोकं फिरलं नुसतं.

परत एमआरआय केला, उपयोग शून्य, फोटोत झीज दिसते, त्रास कशाने सुरू झाला ते दिसत नाही. नुसतं "कंबरदुखी" लिहिलेलं सर्टिफिकेटही वाया.

चाललं ते असं. आधी पहिल्या दिवसाचा केसपेपर काढला, त्यात "पेटी उचलताना" लिहिलेलं होतं (नशीब!). मग सुपरवायझरला त्याच दिवशी केलेला मेसेज आणि शेजारी असलेल्या सहकाऱ्याचा सही केलेला जबाब. मग जुने मेडिकल रेकॉर्ड, आधी कंबरेची तक्रार नव्हती हे दाखवायला. मग कामाचं वर्णन, किती वजन, किती वेळा, वाकून की वळून. हा गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवून लेखी विचारलं: झीज आधीची धरली तरी या उचलण्यामुळेच त्रास सुरू झाला किंवा वाढला असण्याची शक्यता जास्त आहे का, आणि कशावरून? खरी गोम त्या "कशावरून"मध्ये आहे, नुसतं "हो" कोणी धरत नाही. डॉक्टरांनी कारणं लिहिली, वर आधीच्या अभ्यासांचा 2015 चा एक आढावा जोडला, त्यात काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीही 37% जणांच्या डिस्कमध्ये झीज दिसली होती, म्हणजे झीज आहे म्हणून दुखणं तिचंच असं होत नाही.

ते पत्र सगळ्यात वर लावून मुदतीच्या आत अपील केलं, पोच घेतली. क्लेम मंजूर झाला.