मराठवाड्यात पाण्याने थंड होणारा एसएमपीएस बसवताना

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पाणी खेळवणे आता नवलाचे राहिलेले नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून पाणी फिरवणारी यंत्रे आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या स्टुडिओंतही दिसू लागली आहेत. मात्र ज्या डब्यात घरातली २३० व्होल्टची वीज शिरते, त्याच डब्यातून पाणी न्यायचे म्हटले की जाणता माणूसही क्षणभर थबकतो. हे थबकणे योग्यच आहे. घरातली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा असा पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानाच्या भाषेत एसएमपीएस, मराठवाड्यातल्या घरात किंवा स्टुडिओत बसवायचा असेल, तर निम्म्याहून अधिक काम कॅबिनेटच्या बाहेर, भिंतीतल्या वायरिंगपाशी आणि अर्थिंगच्या खड्ड्यापाशी करावे लागते, आणि बहुतेक लोक नेमके तेच शेवटी करतात.

या प्रकारात निवडीला फारसा वाव नाही. अमेरिकेतील कूलन्स या कंपनीने पूर्वी १३०० वॅटच्या आसपासचे असे एसएमपीएस काढले होते. त्यानंतरचे ठळक उदाहरण म्हणजे तैवानच्या एफएसपी कंपनीने वॉटर कूलिंगचे भाग बनवणाऱ्या बिट्सपॉवरच्या साहाय्याने तयार केलेला १२०० वॅटचा हायड्रो पीटीएम प्लस. त्याच्या आतील उष्ण भागांची उष्णता एका धातूच्या बंद ठोकळ्याकडे नेली जाते, त्या ठोकळ्यातून पाणी वाहते आणि विजेच्या भागांशी पाण्याचा कोठेही थेट संबंध येत नाही. पाण्याच्या नळ्यांसाठी बाहेर ‘G १/४’ मापाच्या आट्यांची दोन तोंडे असतात, ती बाजारातल्या नेहमीच्या फिटिंगना जुळतात. त्यात पंखाही असतो, त्यामुळे पाणी न जोडतासुद्धा तो साध्या एसएमपीएससारखा चालतो. ही सोय पुढे जोडणीच्या वेळी आणि दुरुस्तीच्या दिवसांत फार उपयोगी पडते.

साधा एसएमपीएस उघडून त्यावर स्वतः पाण्याचा ठोकळा बसवण्याचे व्हिडिओ पाहून कोणी तसा विचार करत असेल, तर त्याने तो आत्ताच सोडून द्यावा. आतील वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तसाच राहू शकतो.

खरोखर गरज आहे का

हिशेब मांडून पाहू. कार्यक्षमतेच्या ८० प्लस मानांकनातला प्लॅटिनम दर्जाचा एसएमपीएस सुमारे ९२ टक्के कार्यक्षम असतो. यंत्राला १००० वॅट पुरवताना तो भिंतीतून साधारण १०८७ वॅट ओढतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोटात ८७ वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. त्याच वेळी आरटीएक्स ५०९० सारखे ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅटपर्यंत आणि इंटेलचा कोअर आय ९ १४९००के हा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत उष्णता ओकत असतो. तेव्हा एसएमपीएसला पाणी जोडल्याने कॅबिनेट थंडगार होईल, ही अपेक्षा चुकीची आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते ती फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेते, आणि रेडिएटर त्याच खोलीत असेल तर मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत हजार वॅटचा हीटर लावून बसण्यासारखाच तो प्रकार होतो.

तरीही लाभ अगदीच नाही असे नाही. कपॅसिटरचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या क्षेत्रातला रूढ ठोकताळा आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात ४२-४३ अंश नवलाचे नसतात, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एसएमपीएस ओढतो ती हवा मुळातच तापलेली असते. माझे मत विचाराल, तर ज्याच्या यंत्रात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींसाठी पाण्याचा फेरा आधीच आहे, जे रात्रंदिवस रेंडरिंग करते आणि ज्याच्या मालकाला शांतता हवी आहे, त्यानेच या वाटेला जावे. इतरांनी तेवढ्याच पैशांत दीर्घ वॉरंटीचा, हवेने थंड होणारा प्लॅटिनम एसएमपीएस घ्यावा आणि उरलेली रक्कम यूपीएसमध्ये घालावी.

वॅटेज ठरवताना ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि उरलेल्या भागांसाठी शंभरेक वॅट अशी बेरीज करावी आणि वर एक चतुर्थांश मोकळीक ठेवावी. वरच्या उदाहरणात ती ९२५ वॅटच्या पुढे जाते, म्हणून १२०० वॅट योग्य ठरतो. ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी आपल्या मर्यादेच्या दोन-तीन पटींपर्यंत वीज ओढू शकतात, यासाठी २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अट आहे, तेव्हा जुन्या मानकाचा माल स्वस्त मिळाला तरी नव्या कार्डासाठी टाळावा. माहितीपत्रकात पूर्ण वॅटेज ४० अंशांना दिले आहे की ५० अंशांना, हेही पाहून घ्यावे. आपल्याकडे ४० अंशांचा आकडा उन्हाळ्यात कामाचा नाही.

आधी भिंतीकडे पाहा

१२०० वॅटचा एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १३०० वॅट ओढतो. २३० व्होल्टला ते ५.७ अँपियर होतात, आणि शेतीपंपांचा भार आल्यावर संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरले की तेच ७.२ अँपियर होतात, कारण हे एसएमपीएस व्होल्टेज पडले तरी काम सोडत नाहीत, उलट जास्त करंट ओढून भरपाई करतात. म्हणून दिव्याच्या बोर्डावरचा ६ अँपियरचा सॉकेट आणि बाजारातली पातळ केबल येथे चालत नाही. गिझरला देतात तसा १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला वेगळा एमसीबी (जादा करंट गेल्यास लाइन तोडणारा स्विच), शिवाय ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळून जमिनीकडे गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि सॉकेटपासून एसएमपीएसपर्यंत किमान दीड चौरस मिलिमीटर तारेची केबल हवी. पाणी आणि वीज एकाच पेटीत असताना आरसीसीबीविना यंत्र चालवू नये.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडल्या की माती अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. परभणीत एका ओळखीच्या स्टुडिओत मे महिन्यात मी मल्टिमीटर लावला, तेव्हा फेज-न्यूट्रल २१४ व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ ३८ व्होल्ट दिसले. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, आणि स्टुडिओचा मालक म्हणत होता, “काका, ते तर नेहमीचंच आहे.” मागच्या अंगणात गेलो, तर खड्ड्याच्या फरशीखाली पाइपभोवती करंगळी शिरेल एवढी फट होती. मीठ आणि कोळसा भरून सहा बादल्या पाणी ओतले आणि तासाभराने पुन्हा मोजले, तेव्हा काटा ४ व्होल्टवर आला होता. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसत असेल, तर वायरमनला बोलावून आधी ते काम उरकावे आणि मार्चपासून पावसापर्यंत आठवड्यातून एकदा खड्ड्यात पाणी घालण्याची सवय लावावी.

डीपीवरचा न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज चढू शकते. ते सोसण्याची ताकद कोणत्याही एसएमपीएसमध्ये गृहीत धरू नये. त्यासाठी जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारे संरक्षक उपकरण मुख्य बोर्डात बसवावे. यूपीएस घ्यायचा तर तो प्युअर साइन वेव्हचा आणि निदान दोन केव्हीएचा असावा. घरातल्या पंख्या-दिव्यांच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असा एसएमपीएस चालवू नये.

पाणी कोणते

या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या यंत्रात मी घरच्या आरओचे पाणी भरले होते. आमच्या बोअरचे पाणी टीडीएस मीटरवर ९०० च्या वर दाखवते आणि आरओचे ६०-७०, म्हणून ते शुद्धच आहे असा माझा समज झाला. आठ महिन्यांनी फेरा उघडला, तर ठोकळ्याच्या बारीक खाचांत पांढरट थर बसला होता आणि नळीच्या आतून शेवाळ धरले होते. पिण्याचे शुद्ध पाणी वेगळे आणि यंत्राचे वेगळे. खात्रीचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, बॅटरीच्या दुकानातले पाणी घेतल्यास ते प्रत्येक वेळी टीडीएस मीटरने तपासावे आणि पाचच्या वर आकडा दिसला तर परत करावे. त्यात शेवाळ आणि गंज रोखणारे द्रव्य मिसळावे किंवा सरळ तयार कूलंट वापरावा. दुधाळ रंगाचे शोभेचे कूलंट मात्र टाळावेत, कारण त्यांतले कण कालांतराने खाली बसतात.

एसएमपीएसच्या ठोकळ्याचा धातू कोणता, हे माहितीपत्रकात पाहून मगच रेडिएटर निवडावा. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जाते. एसएमपीएससाठी रेडिएटरचा १२० मिलिमीटर पंख्याएवढा एक खण अधिक धरावा.

नळ्यांची निवड आपल्या हवामानात विशेष महत्त्वाची आहे. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल, तर भाराखाली पाणी सहज ५२ अंशांच्या पुढे जाते. दिसायला देखणी पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि फिटिंगमधून निसटू शकते, आणि नेहमीच्या डी ५ पंपाची मर्यादाही ६० अंशांचीच असते. म्हणून ईपीडीएम रबराची काळी नळी वापरावी. ती देखणी नसली तरी गरम पाण्यात निसटत नाही. पाण्याचे तापमान दाखवणारा सेन्सर बसवून ५५ अंशांवर यंत्र आपोआप बंद होईल अशी व्यवस्था मदरबोर्डमधून करावी.

जोडणी आणि गळतीची चाचणी

एसएमपीएस बहुधा कॅबिनेटच्या तळाशी असतो, म्हणजे वर कोठेही गळती झाली तर थेंब त्याच्याच डोक्यावर येतो. त्याच्या जाळीच्या बरोबर वर एकही फिटिंग येणार नाही आणि पाणी काढण्याची तोटी दुसऱ्या टोकाला राहील, अशी आखणी करावी. फेऱ्यात कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, याने तापमानात एक-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही, त्यामुळे नळी कमी वळणारा मार्ग निवडावा. फिटिंग हाताने घट्ट करावे. पान्याने आवळल्यास रबरी रिंग कापली जाते.

चाचणीच्या वेळी एक पेच येतो. पंप चालवायला वीज लागते आणि वीज देणारा एसएमपीएस तर स्वतःच पाण्याच्या फेऱ्यात असतो. त्यामुळे एखादा जुना ४०० वॅटचा एसएमपीएस बाहेर ठेवून, त्याच्या २४ पिनच्या कनेक्टरमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडून, केवळ पंप त्यावर चालवावा. मुख्य एसएमपीएसची केबल भिंतीतूनच नव्हे, तर त्याच्या पाठीमागूनही काढलेली असावी. प्रत्येक फिटिंगखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत कॅबिनेट हळूहळू पुढे-मागे कलवावे आणि पंप २४ तास चालू ठेवावा. मध्येच लाईट गेली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावावे. एक जरी कागद ओला दिसला, तरी पाणी पूर्ण काढून, जागा पुसून आणि एक दिवस सुकू देऊनच पुढे जावे. चाचणी पार पडल्यावर ग्राफिक्स कार्डाचा १२ व्होल्टचा जाड कनेक्टर शेवटपर्यंत बसला आहे ना हे बोटाने चाचपून पाहावे आणि त्याच्या तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत तारा वाकवू नयेत.

खोलीत वाळ्याचा कूलर असेल, तर कोरड्या मे महिन्यात त्याचा यंत्रालाही लाभ होतो, परंतु कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नये. बोअरच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार आत जातात आणि सुकल्यावर सर्किटवर क्षारांचा थर सोडतात. पाणी अधिक थंड व्हावे म्हणून टाकीत बर्फ घालण्याचा उत्साहही आवरावा, कारण नळी खोलीपेक्षा थंड झाली की तिच्यावर दव धरते.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, पाणी बदलावे. कापसाच्या आणि तुरीच्या खळ्यांच्या दिवसांत रेडिएटरची जाळी पंधरा दिवसांनी ब्लोअरने साफ करावी. एसएमपीएस वॉरंटीसाठी पाठवण्याची वेळ आली, तर त्याच्या दोन्ही तोंडांतून हलकी हवा मारून पाणी काढावे, तोंडे खाली करून दोन दिवस उपडा ठेवावा, मगच टोपणे लावून पेटीत भरावा. आत उरलेले चमचाभर पाणी कुरिअरच्या प्रवासात सांडले, तर वॉरंटीचा दावा त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो, म्हणून कोरड्या तोंडांचा फोटो काढून बिलासोबत ठेवावा.