धड्यावरून लिहायला देताना निवेदक बदला

‘कथेचा शेवट बदलून लिहा’ असं सांगितलं की मुलं धडा बाजूला ठेवून मनाला येईल ते लिहितात. त्यापेक्षा प्रसंग तोच ठेवा, सांगणारा बदला.

‘श्यामची आई’मधला पोहायला शिकण्याचा प्रसंग घ्या. श्याम पाण्याला घाबरून माळ्यावर लपतो, पोहायला न्यायला आलेली मुलं त्याला शोधून काढतात, आई त्याला मारते आणि विहिरीवर पाठवते. हे सगळं आपल्याला श्यामच्या तोंडून कळतं. आता मुलांना सांगा, तो विहिरीवर गेल्यापासून घरी परत येईपर्यंतचा वेळ आईच्या तोंडून लिहा. पुस्तकात त्या वेळी आपण श्यामबरोबर विहिरीवर असतो, घरात नाही. म्हणून उतरवून काढायला काही मिळत नाही, आणि आईचा स्वभाव नीट वाचल्याशिवाय एक ओळही सुचत नाही.

अट एकच ठेवा: मूळ प्रसंगातली घटना बदलायची नाही. शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. सातवी-आठवीच्या मुलांना पहिलं वाक्य फळ्यावर लिहून दिलं तरी चालेल.

वही तपासताना शुद्धलेखनाआधी एक प्रश्न विचारा: ‘आईला असं वाटलं असेल, हे तुला कुठून कळलं?’ मुलाने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं तर गुण द्या, मग त्याची आई तुमच्या मनातल्या आईपेक्षा कितीही वेगळी असो. एखादी मुलगी आईला रडवेल, दुसरी तिला कामाला जुंपेल. दोघींचं लेखन वर्गात मोठ्याने वाचून घ्या. खरी चर्चा तिथेच सुरू होते.