उणे तिसात पाइप जोडताना

थंड देशातल्या पाइपलाइनवर निघालेल्या पोरांना मी आधी एकच सांगतो: उरणची सवय इथेच ठेवून जा.

मी पाइपांचे वेल्ड केलेले जोड तपासायला होतो रशियाच्या सखालिन बेटावर. चायवोपासून दे-कास्त्रीच्या टर्मिनलपर्यंत 226 किलोमीटरची 24 इंची तेलाची लाइन, मध्ये हिवाळ्यात गोठणारी तातार सामुद्रधुनी. आपल्या ओएनजीसी विदेशचा त्या प्रकल्पात 20 टक्के वाटा आहे. तिथे दलदल गोठली की साइडबूम, म्हणजे पाइप उचलणारा ट्रॅक्टर, तिच्यावरून चालतो, उन्हाळ्यात रुतून बसतो. म्हणून कामाचा हंगामच थंडीचा.

वेल्डआधी पाइप तापवावा लागतो; जोडावर तंबू ठोकल्याशिवाय त्यासाठीचा बर्नर पेटवू नका. आणि बर्नर लावला की पाइप आधी ओला होतो, तेव्हा गोंधळू नका. ज्योतीतलीच वाफ थंड पोलादावर जमते. नवखा फडकं फिरवतो आणि सुकला म्हणतो. तसं करू नका, तो ओलेपणा तापून आपोआप उडू द्या. मग टेम्पस्टिक, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वितळणारी कांडी, घ्या आणि घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ अशा चारही जागी, जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकवा. सहाच्या जागी, म्हणजे पाइपाच्या पोटाखाली, तापमान हमखास कमी भरतं. तिथे वाकून बघायचा कंटाळा करू नका. वेल्डिंगचे रॉड ओव्हनमधून लागतील तेवढेच काढा, दमट रॉड म्हणजे जोडात हायड्रोजन, आणि त्याने जोड तडकतो.

वेल्ड संपला की लगेच जोडाला उष्णता धरणारं ब्लँकेट गुंडाळा. एका ठेकेदाराच्या माणसांनी घाईत ते टाळलं. संध्याकाळी जोड स्वच्छ दिसला, दोन दिवसांनी अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीत, तडा निघाला. हायड्रोजनचा तडा उशिरा येतो, म्हणून तपासणीही 48 तासांनी ठेवा. तो जोड कापताना वेल्डरचा चेहरा पडला होता, मला अजून आठवतो.

बर्नरसाठी गॅस प्रोपेनच मागवा. ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. सिलिंडरला ज्योत दाखवून गरम करणाऱ्याला साइटवरून परत पाठवा. पाइप चरात उतरवल्यावर गोठलेली ढेकळं वर लोटू नका, कोटिंग फुटतं. आधी सुटी वाळू घाला.

हायड्रोटेस्टच्या, म्हणजे पाणी दाबाने भरून लाइन तपासायच्या, पाण्यात ते गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळा. टेस्ट झाली की प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटातला ड्रेन स्वतः उघडा आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तिथून हलू नका. राहिलेलं पाणी रात्रीत गोठून व्हॉल्व्ह फोडतं.