गोल्डफिश दगावतो कशाने? मराठवाड्यातल्या घरांनी या चुका टाळा

"गोल्डफिश काही टिकत नाही हो, दोन-तीन महिन्यांत जातोच," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये मेला तेव्हा 43 वर्षांचा होता, गिनीज बुकात त्याची नोंद आहे. हा मासा मुळात काटक. चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वी कार्पच्या कुळातल्या साध्या माशापासून तो पाळीव झाला, आणि थंड पाण्यात तो आरामात राहतो. तरी आपल्या घरात तो दगावतो याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. आणि पाणी बिघडतं ते हयगयीपेक्षा जास्त आपण काळजीपोटी केलेल्या उद्योगांनी. मराठवाड्यात पाणी पाळीचं, टँकरचं नाहीतर बोअरचं. त्यात एप्रिल-मेचं ऊन. त्यामुळे दुसरीकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

टँक चकाचक धुणं

सगळ्यात जास्त मासे या एका सवयीनं मरतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी परातीत घेऊन खसाखसा चोळायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच घासायची आणि नवं पाणी भरायचं. टँक आरशासारखा दिसतो. मंगळवार-बुधवारी मासे तळाशी गप्प बसतात, खाणं सोडतात, आणि पाणी पांढुरकं दिसायला लागतं. मग घरातले म्हणतात, पाणी पुन्हा बदला.

घडतं ते असं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो, आणि गोल्डफिश इतर माशांच्या मानानं बराच जास्त. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण स्पंज नळाखाली धुतो तेव्हा क्लोरीननं तेच मारतो आणि टँक पुन्हा पहिल्या दिवशी आणून ठेवतो, फरक इतकाच की आता त्यात मासे पूर्ण संख्येनं आहेत.

आपल्या भागात याची झळ जास्त बसते. अमोनिया किती विषारी ठरणार हे सामू (पीएच) आणि तापमानावर अवलंबून असतं. सामू 7 आणि तापमान 25 अंश असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच घातक रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि पाणी 30 अंशांवर तापलं की सात टक्क्यांच्याही वर. काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा साडेसातच्या पुढेच असतो. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये खपून जाणारी घाण आपल्याकडे मे महिन्यात जीव घेते.

करायचं इतकंच: दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी पाइपनं तळाशी साचलेल्या घाणीसकट ओढून काढायचं आणि तेवढंच क्लोरीन घालवून तयार ठेवलेलं पाणी भरायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा दाबून घ्यायचा. तपकिरी राहिला तर राहू द्या. नवा टँक असेल तर ज्याचा टँक चांगला चाललाय अशा ओळखीच्याकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा, आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं थेंबांचं टेस्ट किट औषधांच्या सगळ्या बाटल्यांच्या आधी घ्या. दोन्ही आकडे शून्य हवेत, नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आत.

आलं ते पाणी ओतणं

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. ते घालवायला पाणी उघड्या तोंडाच्या टबात चोवीस तास ठेवावं लागतं. झाकण लावलेल्या पिंपात ते नीट उडत नाही. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरा, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. टँकरच्या पाण्याला जास्त जपावं. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नुकतीच टाकलेली असू शकते आणि प्रमाण दर खेपेला वेगळं असतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपल्या घरांत सवय आहे, पण तुरटी फिरवलेलं पाणी माशांना घालू नका. तिनं सामू खाली येतो आणि तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं.

बोअरच्या जड पाण्याला लोक उगाच घाबरतात. साबणाला फेस न येणारं पाणी गोल्डफिशला मानवतं. त्यातल्या क्षारांमुळे सामू एका जागी टिकून राहतो. फक्त ते ताजं उपसलेलं असताना त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून बादलीत एअर स्टोन सोडून रात्रभर बुडबुडे चालू ठेवावेत. शेतीच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यातच नायट्रेट जास्त असू शकतं, तेव्हा टँकच्या आधी एकदा बोअर तपासा.

याउलट "शुद्ध पाणी द्यावं" म्हणून आरओच्या जारवर टँक भरणारे पुष्कळ आहेत. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता वापरत असतात. ती मुळातच नसली की सामू एकाएकी कोसळतो. जारचे पैसे वाचवा.

आणि एक. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. पाणी बदलायचं ते पहाटे, टँकच्या पाण्यात एक हात आणि बादलीत दुसरा घालून, दोन्ही सारखं लागल्यावर.

आठ सोनेरी, एक काळा

वास्तूसाठी नऊ मासे हवेत असं सांगितलं जातं आणि लोक दोन फुटी टँकमध्ये नऊ गोल्डफिश भरतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्या नऊ जिवांचा हिशोब मांडायला हवा. टँकची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात गुणा आणि 61 नं भागा, म्हणजे लिटर मिळतात. 24 बाय 12 च्या टँकमध्ये 12 इंच पाणी असेल तर जेमतेम 57 लिटर. गोल अंगाच्या एका गोल्डफिशला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर धरतात. म्हणजे तिथे एकसुद्धा मोकळेपणानं राहत नाही. फुटभर वाढणाऱ्या कॉमेट या लांबट जातीच्या गोल्डफिशला तर हौदच हवा. काचेच्या बाउलबद्दल काय लिहू? त्यात फिल्टर बसत नाही, पाण्याला हवा लागत नाही, फिरायला जागा नाही. बाउल विकत घेऊच नका. घरात असेल तर त्यात मनीप्लँट लावा.

"आपल्याकडे प्यायला पाणी नाही आणि एवढा मोठा टँक?" हा प्रश्न रास्त आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. पण 140 लिटरच्या टँकला आठवड्याला 40 लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या लागतात. उन्हाळ्यात एक मोठा कूलर दिवसात याहून जास्त पाणी पितो. शिवाय काढलेलं पाणी मोरीत जायचं कारण नाही, त्यातलं नायट्रेट कढीपत्त्याला आणि गुलाबाला खतच आहे. उलट लहान टँकच दर दोन दिवसांनी घाण होतो आणि पाणी जास्त खातो.

सोबत "टँक साफ ठेवतो" म्हणून सकर मासा घेऊ नका. तो मोठा झाला की रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चोखतो, आणि सकाळी अंगावर लाल चट्टे दिसतात.

मे महिना आणि गेलेली लाइट

गोल्डफिशला 18 ते 24 अंश पाणी आवडतं. आपल्या घरांत मेमध्ये ते 32-33 ला सहज जातं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. अशात दुपारी लाइट गेली की मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. लहान एअर पंपाला तीन ते पाच वॅट वीज लागते. इन्व्हर्टरवर टीव्हीच्या आधी तो जोडा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप घरात असू द्या. तोही नसेल तर मगमध्ये टँकचंच पाणी घेऊन वीतभर वरून धार सोडत राहा.

पाणी थंड ठेवायला झाकण काढून वर जाळी टाका आणि पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यानं दोन-तीन अंश नक्की उतरतात, पाऊस सुरू झाल्यावर तेवढे उतरत नाहीत. आटलेलं पाणी रोज भरावं लागतं. मात्र आटताना क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. बर्फाचे खडे थेट टाकू नका. बंद बाटलीत पाणी गोठवून ती तरंगती ठेवा. टँक पश्चिमेच्या भिंतीला किंवा ऊन येणाऱ्या खिडकीपाशी नको.

खाऊ घालण्याचा लळा

गोल्डफिश तुम्हाला ओळखतो. त्याची आठवण तीन सेकंदांची असते ही थाप आहे, तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. काचेपाशी येऊन तो मागतो आणि आपल्याला राहवत नाही. त्याला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे पोट भरल्याची खूण तो देत नाही. दिवसातून दोनदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. तरंगणारे दाणे खाताना तो हवा गिळतो आणि मग उलटा-तिरका तरंगतो. म्हणून दाणे थोडे भिजवून द्या, किंवा बुडणारे आणा. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला वाटाणा, कधी पालकाचं उकडलेलं पान. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची आपली रीत आहे, पण घरच्या टँकमध्ये कणीक, मुरमुरे, बिस्किटं नकोत. पाहुण्यांच्या पोरांना हे हसून पण स्पष्ट सांगा.

फवारा आणि धूर

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डास आणि झुरळं मारायच्या स्प्रेमधली औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पावसाळ्यात गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला कपडा टाका आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा. शेती असलेल्या घरांत कपाशीच्या फवारणीला वापरलेली बादली कितीही धुतली तरी टँकसाठी घेऊ नका. माशांची बादली वेगळी, तिला साबणही लावायचा नाही.

आजार ओळखताना

मासा वर येऊन तोंड मारतोय, तळाशी बसलाय, पर अंगाशी चिकटवलेत, यातलं काहीही दिसलं की आधी टेस्ट किट काढा, मग औषध. अमोनिया किंवा नायट्राइट निघाला तर खाणं बंद, निम्मं पाणी बदला, बुडबुडे वाढवा. नायट्राइट असेल तर लिटरला 1 ग्रॅम आयोडीन नसलेलं जाडं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मोठ्या टँकमध्ये ओतलं तर जिवाणूही मरतात. ते वेगळ्या टबातच वापरा.

पांढऱ्या ठिपक्यांची एक गंमत आहे. थंडी ओसरताना नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला रव्याच्या कणांसारखे ठिपके येतात, रांगेत, दोन्ही बाजूंना सारखे. ती विणीच्या काळाची खूण आहे. लोक व्हाइट स्पॉटचा रोग समजून औषधं ओततात आणि धडधाकट नर गमावतात. रोगाचे ठिपके शेपटीवर, पाठीवर, कुठेही विखुरलेले असतात आणि मासा अंग खडीला घासतो.

गावाला जाताना

मोठा, निरोगी गोल्डफिश आठवडाभर खाण्याविना राहतो. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला आणि बिनधास्त जा. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंना डबा देऊ नका, प्रेमापोटी त्या मूठभर टाकतील. एक दिवसाआड एक याप्रमाणे चिमूट-चिमूट दाण्यांच्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, आणि डबा कपाटात ठेवून जा.